क्लचवरचा पाय

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसते म्हणून तिचं नाव ‘चौकशी’ पडलं, असं सगळे सांगतात. साफ खोटं! नाव आधीचं आहे, नोकरी नंतरची. शेजारणीने नवा पडदा लावला, तर जुन्याचं काय केलं हे कळल्याशिवाय हिला लहानपणीही झोप यायची नाही. नोकरीत मात्र बिचारीवर उलटा प्रसंग आला. दिवसभर प्रश्न लोकांनी विचारायचे आणि उत्तरं हिने द्यायची. गाडी कधी सुटणार, कुठून सुटणार, सुटली का, आणि सुटली तर आम्हाला सोडून का सुटली! मग संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढताच ती दिवसभराचं उट्टं काढायला सुरुवात करायची.

उट्टं काढायला हक्काचं माणूस म्हणजे सासरे. त्यांना घरातलेच काय, अर्धं शहर अण्णा म्हणायचं, कारण अर्ध्या शहराला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या ठेंगण्या पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटवर ते हातात लाकडी फूटपट्टी घेऊन बसत. शिकणाऱ्याने गिअर टाकल्यावर पाय क्लचवर रेंगाळत ठेवला, की फूटपट्टी गुडघ्यावर आणि आरोळी कानात: “पाय काढ!” शिकणारा डॉक्टर असो, वकील असो नाहीतर देवळातला पुजारी, गुडघा सगळ्यांचा सारखाच. लोक शिकून गेले, त्यांची पोरं शिकायला आली, पण आरोळी तीच राहिली. खुद्द चौकशीही त्यांच्याकडेच शिकली होती. “हिला शिकवताना मी थकलो नाही,” अण्णा सांगायचे, “उत्तरं देऊन देऊन थकलो.”

अण्णा निवृत्त झाले तेव्हा एकच शिष्य शिकवायचा राहिला होता, तो म्हणजे नात, चौकशीची लेक. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ठरलेलं, की ती वयात आली की आजोबाच तिला गाडी शिकवणार. पोरगी दर वाढदिवसाला फूटपट्टी जागेवर आहे ना, हे बघून यायची. यंदा एकदाचं तिचं वय बसलं, शिकाऊ लायसन्स हातात आलं आणि नेमकी त्याच आठवड्यात घरची जुनी गाडी रुसली.

चढाला लागली की इंजिन नुसतं ओरडायचं, पण गाडी काही जोर धरायची नाही. वर एक जळका वास. अण्णांनी वास घेतला आणि म्हणाले, “क्लच.”

आता गाडी न्यायची कुठे? वर्षानुवर्षं ती एकाच मेकॅनिककडे जायची. त्याला सगळे तिरसट म्हणत आणि तो त्या नावाला जागत असे. हात सरळ, पण तोंड फाटकं. गेल्या खेपेला तो अण्णांना तोंडावर म्हणाला होता, “ही गाडी आहे की तुमची हट्टाची पेटी? विका आता.” अण्णांना ते इतकं झोंबलं, की त्यांनी तिथे पाऊल टाकणंच बंद केलं. म्हणून यावेळी गाडी गेली हमरस्त्यावरच्या नव्या गॅरेजात. तिथे बसायला गुबगुबीत बाक, प्यायला थंड पाणी, आणि मालक असा की जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा. चौकशीने पहिल्या भेटीतच त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं.

दोन दिवसांनी गाडी तयार झाल्याचा फोन आला. सासरे-सून आणायला गेले. गोडबोल्याने आतून एक क्लच प्लेट आणली आणि टेबलावर हळुवार ठेवली. काळीठिक्कर पडलेली, रिव्हेट वर आलेले, आणि एका बाजूचं लायनिंग बिस्किटाचा चावा घेतल्यासारखं तुटलेलं.

“बघा अण्णा, काय अवस्था झाली होती. नवी टाकली.”

चौकशीने लगेच विचारलं, “अशी कशाने होते हो?”

गोडबोल्याने मान तिरकी केली आणि आवाज आणखी मऊ केला. “पाय, ताई. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की असंच होणार. त्यांचा दोष नाही म्हणा. वय झालं की पायाला पेडलवर असल्याचं कळतच नाही. होतं असं ज्येष्ठ लोकांचं.”

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या गुडघ्यांवर फूटपट्टी ओढली, त्याला कुणीतरी गोड आवाजात सांगत होतं की पाय काढ. त्यांनी पैसे मोजले आणि सरळ बाहेर जाऊन उभे राहिले.

आता अण्णांचा एक जुना नेम होता. गाडीचा कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट घरी यायचाच. “आपला होता तो. त्याला असं परक्याच्या दारात टाकून यायचं नाही,” असं ते म्हणत. जिन्याखालच्या पत्र्याच्या डब्यात जुने प्लग, पट्टे, फिल्टर नांदत होते. त्या दिवशी मात्र अण्णा प्लेटकडे ढुंकूनही न बघता निघाले. म्हणून चौकशीनेच ती उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. गोडबोल्या तेव्हा पाठ करून फोनवर कुणालातरी ‘साहेब, साहेब’ करत होता.

घरी आल्यावर अण्णांनी ती प्लेट डब्यात ठेवली नाही. आपल्या खुर्चीसमोरच्या खिडकीत उभी करून ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. संध्याकाळी नात उड्या मारत आली. “आजोबा, गाडी आली! उद्यापासून?”

“तू दुसरीकडे क्लास लाव,” अण्णा म्हणाले. “मी आता शिकवत नाही.”

“पण आजोबा…”

“सांगितलं ना, लाव क्लास!” आणि त्यांनी गाडीची किल्ली चौकशीच्या हातात दिली. “गिऱ्हाईक बघा. विकून टाका.”

पोरगी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. चौकशीच्या मनात एक निराळीच पाल चुकचुकत होती. गाडी काही एकटे अण्णा चालवत नव्हते. बाजारहाट, दवाखाना, पावसापाण्यात ऑफिस, सगळीकडे तीही गाडी न्यायची. मग पाय कुणाचा?

तिने रात्रीची भांडी तशीच ठेवली आणि अण्णांसमोर जाऊन बसली. “अण्णा, माझा पाय असेल हो. मी इकडंतिकडं बघत गाडी चालवते, तुम्हीच म्हणता ना?”

अण्णांनी प्लेटवरची नजर काढली नाही. “तुला शिकवलं कुणी?”

“तुम्ही.”

“मग तुझा असला तरी माझाच.”

ती उठली आणि भांडी घासायला लागली. त्या रात्री भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

पुढे जे झालं, ते झालंच नसतं, जर गोडबोल्याला गप्प बसता आलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं! दुसऱ्याच दिवशी चौकशी आपल्या खिडकीत बसलेली असताना त्याचा फोन आला.

“ताई, ती जुनी प्लेट चुकून तुमच्याकडे गेली वाटतं. जरा परत द्याल? कंपनीला दाखवावी लागते, वॉरंटीचं असतं.”

“बघते हं,” ती म्हणाली आणि विसरूनही गेली.

मग त्याचा एक कामगार दारात आला. “ती प्लेट द्या. भंगारवाला मोजून घेतो.”

“काल तर कंपनीला हवी होती?”

कामगाराने डोकं खाजवलं. “मला भंगारवालाच सांगितलाय,” असं प्रामाणिकपणे म्हणाला आणि रिकाम्या हाती गेला.

आता मात्र चौकशीची भूक चाळवली. जळकी, तुटकी, कुत्रंही हुंगणार नाही अशी वस्तू, आणि तिच्यासाठी फोन काय, माणूस काय! कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या दिवशी खिडकीत तिने एका गृहस्थाला चुकीच्या फलाटावर पाठवलं, इतकी ती विचारात होती. आणि संध्याकाळी बघते तो काय, गोडबोल्या स्वतः हजर! हातात गुलाबी कूपन.

“ताई, तुमच्यासाठी खास. गाडी धुऊन, पुसून, चकाचक. एक पैसा नको. आणि ती प्लेट तेवढी… आमच्या नव्या पोरांना शिकवायला लागते हो.”

कंपनी झाली, भंगारवाला झाला, आता शाळाही निघाली! तिसरं कारण ऐकल्यावर चौकशीच्या चेहऱ्यावर असं काही भोळं हसू उमटलं, की तिच्या नवऱ्याने पाहिलं असतं तर तो घर सोडून पळाला असता.

“अगं बाई! मग आधी सांगायचं ना. बसा, चहा टाकते. प्लेट घासून-पुसून देते.”

ती प्लेट घेऊन आत गेली. लेकीच्या टेबलावर नेलपॉलिशची लालभडक बाटली होती. प्लेटच्या मधल्या दातेरी भोकाच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे तिने एक ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि चहाबरोबर प्लेट बाहेर आणली. गोडबोल्याने ती अशी छातीशी धरली, की हरवलेलं पोरच सापडलं.

आता तुम्ही म्हणाल, तिने तिथंच त्याला फैलावर का घेतलं नाही? कारण तिला अजून ठाऊकच नव्हतं काय ते. तिला फक्त बघायचं होतं की ही प्लेट जाते कुठे. साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांतली ती नव्हती.

सुट्टीच्या दिवशी गुलाबी कूपन घेऊन ती गाडी धुवायला गेली. गुबगुबीत बाकावर बसली, विणकाम काढलं आणि कान टवकारले. आधी एक तरणा मुलगा आला, त्याचं काम हॉर्नचं. मग एक दाढीवाले गृहस्थ आले, त्यांचे टायर. चौकशीच्या मोज्याची टाच विणून झाली. आपण उगीच संशय घेतला की काय, असं तिला वाटायला लागलं. इतक्यात चौकातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण आपली गाडी न्यायला आली. बाई पोक्त, करारी, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या.

गोडबोल्या आत गेला आणि येताना हातात काहीतरी घेऊन आला. टेबलावर हळुवार ठेवलं. काळंठिक्कर. एका बाजूला बिस्किटाचा चावा.

“बघा मॅडम, काय अवस्था झाली होती. नवी टाकली.” मान तिरकी झाली, आवाज मऊ झाला. “पाय, मॅडम. क्लचवर पाय. लेडीज लोकांचं होतं असं.”

चौकशीच्या हातातली विणकामाची सुई तिथंच थांबली. अण्णांसाठी ज्येष्ठ लोक, इथे लेडीज लोक! शब्द तेवढे बदलले होते, प्लेट तीच.

औषधवाल्या बाईंनी चष्मा खाली केला. “माझा पाय? अहो, मी अण्णांच्या हाताखाली शिकले. अजून गुडघा दुखला की आधी फूटपट्टीच आठवते मला. मी क्लचवर पाय ठेवीन?” पण बोलता बोलता त्याही जरा घुटमळल्या. “वय झालंय म्हणा. असेलही.”

तो घुटमळलेला आवाज चौकशीने ऐकला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगदी असाच तर अण्णांचा चेहरा उतरला होता! ती उठली, टेबलाजवळ गेली आणि प्लेट उचलली.

“जरा बघू हं.” तिने प्लेट उजेडाकडे धरली. दातेरी भोकाच्या आत लाल ठिपका चमकला. “शेठ, मला एकच विचारायचंय. ह्या एका प्लेटवर आजवर किती जणांचा पाय पडला?”

गोडबोल्याच्या जिभेवरची साखर जागच्या जागी विरघळली. “ताई, काय बोलताय… गैरसमज होतोय…”

“हा ठिपका माझ्या लेकीच्या नेलपॉलिशचा आहे. बाटली आणलीय, लावून दाखवू? ही प्लेट तीन दिवस आमच्या खिडकीत उभी होती. ही अण्णांची असेल तर ह्यांच्या गाडीत कशी गेली? आणि ह्यांची असेल तर आमच्या घरी कशी आली? माझ्या नोकरीत मी गाड्या सांगते हो, पण एक गाडी एकाच वेळी दोन फलाटांवर लागलेली मी अजून पाहिली नाही.”

बाकावरचे दाढीवाले उठून उभे राहिले. हॉर्नवाला मुलगा जवळ आला. औषधवाल्या बाईंनी चष्मा नीट लावला आणि एवढंच म्हणाल्या, “आता मी बसते. तुम्ही बोला.” गोडबोल्या पुढे पुष्कळ बोलला, पण त्यातलं ऐकण्यासारखं काही नव्हतं. दोघींचे पैसे त्याने निमूटपणे परत केले, कारण तोवर दारात बघ्यांची गर्दी जमली होती. प्लेट चौकशीने पुन्हा पिशवीत टाकली. ह्या खेपेला त्याने मागितली नाही.

ती घरी आली ती वाऱ्यासारखी. “अण्णा! शेंडी लावली हो त्याने! ही प्लेट आपली नाहीच. सगळ्यांना हीच दाखवतो मेला. तुमचा पाय नव्हता, माझाही नव्हता!”

नातीने टाळ्या पिटल्या. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, ठिपका पाहिला, हसलेही थोडे. मग म्हणाले, “शाबास, सूनबाई. पण किल्ली तुझ्याकडेच ठेव.”

“आता काय राहिलं?”

“त्याची प्लेट खोटी निघाली. म्हणून माझा पाय खरा ठरतो का? गाडी चढावर ओरडत होती, वास येत होता, हे तर खोटं नव्हतं ना? मग माझी प्लेट कशी होती, ते कुणी पाहिलंय?”

प्रश्न रास्त होता. इतका रास्त, की तो आपल्याला सुचला नाही याची चौकशीला लाज वाटली. ती म्हणाली, “चला.”

“कुठे?”

“तिरसटकडे.”

“मेलो तरी जाणार नाही.”

“मेल्यावर गाडी कोण चालवेल? उठा.”

तिरसटने गाडी बघितली, अण्णांना बघितलं आणि तोंड उघडलं. “आलात? तिकडची सरबतं संपली वाटतं.” अण्णांनी दात आवळले, पण उभे राहिले. तिरसट गाडीखाली खड्ड्यात उतरला. टॉर्च फिरवला. मग खालून आवाज आला, “गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलली म्हणता? कुणी, भुताने? बोल्टवर वर्षानुवर्षांची माती तशीच आहे. पाना लागलेलाच नाही कुठे. क्लचची वायर तेवढी नवी कोरी टाकलीय.”

“म्हणजे?” चौकशी खड्ड्यात वाकली.

“म्हणजे जुनी वायर गंजून आत अडकत होती. पेडल सोडलं तरी क्लच पुरता सुटत नव्हता. क्लचवर पाय होताच, पण तो त्या वायरीचा होता. तिच्या गुडघ्यावर मारा फूटपट्टी.”

चौकशीने वळून अण्णांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं होतं, पण ते म्हणाले, “उघड.”

“अहो, गरज नाही. दिवस जाईल माझा.”

“दिवसाची मजुरी घे. उघड. मला माझी प्लेट बघायचीय.”

तिरसट तोंडातल्या तोंडात काहीतरी अर्वाच्य बोलला आणि कामाला लागला. अण्णा एका उलट्या बादलीवर बसून राहिले. त्यांनी चहा नाकारला, पाणी नाकारलं. चौकशीलाही त्या दिवशी प्रश्न सुचेनात. ती नुसती पान्याचा आवाज ऐकत होती आणि आतून जे काय निघेल ते चांगलं निघू दे, असं देवाला विनवत होती. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, की तिथे आणखी एक काळी प्लेट निघाली, तर हा माणूस पुन्हा त्या खिडकीसमोरच्या खुर्चीतून उठायचा नाही.

ऊन कलल्यावर गिअरबॉक्स खाली आला. तिरसटने प्लेट काढली, फडक्याने पुसली आणि मुकाट्याने अण्णांच्या हातात दिली. घासलेली होती, जुनी होती. पण सगळीकडून सारखी. कडेने एकसारखी झिजलेली, कुठे चावा नाही, कुठे काळा डाग नाही. वायरीमुळे वर नुसती थोडी चकाकी आली होती.

अण्णांनी ती उलटसुलट केली. अंगठा तिच्या कडेवरून गोल फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

“अजून बरीच चालेल,” तिरसट म्हणाला. मग जीभ उचलत नसल्यासारखा पुढे म्हणाला, “असा पाय आता कुणाचा राहिला नाही. तीच पुन्हा बसवतो.”

“बसव,” अण्णा म्हणाले आणि उठताना त्यांनी चौकशीपुढे हात केला. आधारासाठी नाही. किल्लीसाठी.

पुढच्या सुट्टीला नात स्टिअरिंगवर, शेजारी अण्णा, अण्णांच्या मांडीवर फूटपट्टी. मागच्या सीटवर चौकशीला एका अटीवर जागा मिळाली होती, की एकही प्रश्न विचारायचा नाही. गाडी आचके देत निघाली. नातीने पहिला टाकला, दुसरा टाकला आणि पाय क्लचवर तसाच ठेवून सिग्नलकडे निघाली. चौकशीला मागून तो पाय स्पष्ट दिसत होता. अण्णा समोर बघत होते. बोलत नव्हते. अजून बोलत नव्हते. चौकशीने श्वास धरला.

“पाय काढ!”

काचा हादरल्या. नातीचा पाय तर उडालाच, पण शेजारी सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीतले एक टकले, सुटाबुटातले गृहस्थसुद्धा दचकून ताठ झाले, खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि मग काच खाली करून ओरडले, “सॉरी, अण्णा!”

नात खो-खो हसत सुटली. अण्णांनी त्या गृहस्थांना फूटपट्टी दाखवली आणि आरसा जरा आपल्याकडे वळवला.

“काय सूनबाई, आज गप्प? काही विचारायचं नाही?”

“नाही, अण्णा. काही नाही.”

“मग डोळे पूस. आरशात दिसतंय सगळं. आणि तू गं, सिग्नल काय तुझी वाट बघणार आहे? घाल पहिला!”